गुलाबी नमुना

प्रयोगशाळेतल्या ताईंच्या नावाने वॉर्डातल्या नर्सेस बोटं मोडायच्या. रक्ताची नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की वर पिवळसर द्रव उरतो. तो जरा गुलाबी दिसला, की ताईंनी नमुना परत पाठवलाच! "घाईघाईने रक्त ओढता, मग तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा खोटाच फुगतो," असं त्या तोंडावर सुनावायच्या. तीस वर्षांत त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नाही.

त्या दिवशी एका नमुन्यात पोटॅशियम सातच्या वर आलं. एवढ्यावर हृदय कधीही थांबू शकतं. नळीवर नाव त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. मूत्रपिंडं निकामी होत आल्याने तो वरच्याच मजल्यावर होता. ताईंनी नळी खिडकीशी धरली. गुलाबी छटा दिसेना, म्हणून चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. द्रव नितळ पिवळा होता.

त्यांनी वॉर्डात फोन लावला. आकडा ऐकून नर्स चाचरत म्हणाली, "माझंच चुकलं असेल, ताई. परत रक्त काढू?"

"नको. डॉक्टरांना लगेच बोलव," ताई म्हणाल्या. "रक्त अगदी छान काढलंस, पोरी."