बॉनेटवरचं कुंकू

मुलांनो, हे बाबांकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा, अडलं तर मला, आजीला, विचारा. बाबा वाचायला बसले की मधला भाग गाळतील, कारण मधल्या भागात ते स्वतः आहेत.

अमरावतीची आपली पांढरी गाडी विकायची, असं यंदा दसऱ्यानंतर ठरलं. ठरवलं तुमच्या बाबांनी परदेशातून आणि माझ्या धाकट्या दिरांनी इथून. मला ते असं कळलं : व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "आई, जरा गाडी दाखव." मी फोन घेऊन पोर्चमध्ये गेले. गाडीवर धुळीचा थर होता. आमची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, बंद दारातूनही आत शिरते. पण दोष धुळीला देत नाही. माझे गुडघे दुखत होते आणि दसऱ्यापासून मी गाडीवर फडकं फिरवलं नव्हतं, हे खरं.

"आई, बॉनेट गंजलंय!" बाबा ओरडले.

"गंज नाही, कुंकू आहे. दसऱ्याचं."

"दसरा कधीच झाला."

"हो, पण कुंकू अजून आहे."

"तेच म्हणतोय मी. तुझ्याने आता गाडी सांभाळली जात नाही. काकांनी दर्यापूरचं एक गिऱ्हाईक पाहिलंय. पुढच्या रविवारी येतील ते. त्याआधी कोणाकडून तरी धुऊन घे."

म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. माझं "बरं" ऐकून बाबांना वाटलं, आई तयार झाली. पन्नास वर्षांचा माणूस, पण आईचं "बरं" अजून ओळखता येत नाही.

आता कुंकवाचं सांगते. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, ती तुम्ही फोटोत पाहिली आहे. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. मागच्या वर्षी मी कुंकू पाण्यात कालवलं होतं, ते वाळून फाटकापर्यंत जाईतो उडून गेलं. म्हणून यंदा तेलात कालवलं. शिवाय शेजारच्या बाई म्हणाल्या की पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे कॉलेजात मुलांना रसायनशास्त्राचे प्रयोग शिकवले, आणि तरीही तेल, रंग आणि ऑक्टोबरच्या उन्हात तापलेला पत्रा एकत्र आले की काय होईल, याचा क्षणभरही विचार केला नाही. ते आपोआप गेलं नाही, आत मुरलं.

गाडी गेली तर माझं काय जातं, तेही सांगते. अकोल्याच्या जुन्या शहरात माझी मोठी बहीण राहते. तिला आता घराबाहेर पडणं अवघड झालं आहे. दर दुसऱ्या गुरुवारी मी सकाळी निघते, दोन तासांत पोचते, मोर्णा नदीच्या पुलाजवळ गाडी उभी करते आणि तिच्या बोळातून चालत जाते. आम्ही जेवतो, भांडतो, तिची औषधं मी डब्यांत लावून देते आणि दिवस मावळायच्या आत परत येते. एसटीने आणि जीपने मी पुष्कळ फिरले आहे. जीपमध्ये गुडघे हनुवटीला लागतात, आणि माझे गुडघे आता तेवढं वाकत नाहीत. गाडी नसली की माझं जाणं "कोणी नेलं तर" यावर येणार. हे तीन शब्द मी कित्येक बायकांच्या तोंडून ऐकले आहेत. माझ्या तोंडून मला ते ऐकायचे नव्हते.

तेव्हा मी ठरवलं की गाडी मीच धुणार, आणि अशी धुणार की सांभाळली जात नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. दीर म्हणाले, "वहिनी, कॉलनीतला धुणारा आहे ना." तो माणूस चांगला आहे, पण एक बादली आणि एक फडकं घेऊन अख्ख्या ओळीतल्या गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर घासली जाते. आपल्या गाडीच्या दारावर उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात, ते त्याच फडक्याचे.

आणि मग माझ्या हातून पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. देवघरातली समई आणि ताम्हन मी ज्या पावडरने घासते, ती घेतली, वर लिंबू पिळलं आणि कुंकवाचा डाग जोर लावून घासला. पितळेवरचा कोणताही डाग त्याने जातो. कुंकू फिकं गुलाबी झालं. पण भोवतीचा तळहाताएवढा भाग असा मेला की त्यात आकाश दिसेना. बाकी धुतलेल्या बॉनेटमध्ये दिसत होतं. मी पायरीवर बसून दहा मिनिटं त्या डागाकडे बघत राहिले. बाबांना त्या क्षणी फोन केला असता तर गाडी त्याच दिवशी गेली असती.

फोन केला नाही. गाडी काढली आणि बडनेरा रोडवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेले. माझ्याच वयाचे गृहस्थ, कपाळावर चष्मा. वाकून बघितलं, बोट फिरवलं.

"मॅडम, काय लावलं याले?"

"पितळेची पावडर. आणि लिंबू."

"बाप्पा! हे काय समई हाय का?" ते इतके हसले की आतून दोघं जण बघायला आले. "अरे, या इकडं पाहा. मॅडमनं गाडीले आंघोळ घातली लिंबाची!"

"हसून झालं असेल तर उपाय सांगा."

"ठेवून जा. दोन दिवसांत करून देतो."

"ठेवणार नाही. मला शिकवा, मी करते."

"तुमी? खांदे भरून येतीन."

"खांदे माझे आहेत."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग डागावरून नख फिरवून दाखवलं. नख अडलं असतं तर रंगच मारावा लागला असता, अडलं नाही, म्हणजे वरची चमक तेवढी गेली होती. एका डबीत पांढरं मलम, ज्याला ते कंपाउंड म्हणतात, आणि दुसऱ्या डबीत पॉलिश दिलं. "ओल्या स्पंजवर वाटाण्याएवढं घ्या. गोल गोल फिरवाचं नाई. वावरात नांगराचं तास मारते तसं सरळ, आधी उभं, मंग आडवं. दाबू नका, मलमच काम करते. आन सावलीत. पत्रा गार पायजे." निघताना म्हणाले, "पूरं नाई जाणार बरं का. ध्यान देऊन पाह्यलं तं दिसन."

"दिसू दे," मी म्हटलं.

पुढच्या तीन सकाळी मी गाडीला दिल्या. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो आणि बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. म्हणून धुवायला बोअरचं आणि शेवटी ओतायला नळाचं, अशी वाटणी केली. ऊन यायच्या आत सुरुवात. आधी चाकं, कारण सगळ्यात जास्त घाण तिथे, आणि त्यांचं फडकं निराळं. मग नुसतं पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, कोरड्या धुळीवर फडकं लावायचं नाही. मग टपापासून खाली. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं गाडीवरून आलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जो काळा गाळ बसला, तो मी शेजारच्या बाईंना मुद्दाम दाखवला.

त्या फाटकापाशी उभ्याच होत्या. "काकू, या वयात हे काय? पोरगा परदेशात अन तुमी गाड्या धुता! लोक काय म्हणतीन?"

"लोकांना म्हणा, मागच्या काचेच्या वरपर्यंत हात पुरत नाही. कोणी उंच असेल तर या."

त्या आल्या नाहीत. पण बराच वेळ उभ्या राहिल्या आणि निघताना स्वतःच्या गाडीच्या दाराकडे बघून गेल्या.

दुसऱ्या सकाळी आतलं काम. तुमच्या आजोबांचा दाढीचा ब्रश चार वर्षं कपाटात पडून होता. एसीच्या जाळ्यांतली धूळ काढायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. सीटखाली संत्र्याच्या वाळक्या साली निघाल्या, मोर्शीहून येताना कोणीतरी खाऊन सारलेल्या. आणि मागच्या गालिच्याला निळा मेणाचा खडू वितळून चिकटला होता. धाकटे, तो तुझा. त्यावर जाड कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली, मेण कागदात आलं. किंचित निळं राहिलं आहे, राहू दे.

तिसऱ्या दिवशी कंपाउंड. उभं, मग आडवं. खांदे भरून आले, हे पेंटरना सांगू नका. अर्ध्यात असताना बहिणीचा फोन आला. ती अजून जुन्या वऱ्हाडीतच बोलते.

"अवं, काय करून राहिली?"

"गाडी घासते आहे."

"इकाची हाय ना? मंग काहाले घासून राहिली?"

गाडी विकायची आहे हे तिला कोणी सांगितलं होतं, कोण जाणे. मी स्पंज खाली ठेवला. तीन दिवस मी समजत होते की गाडी चमकवून मी बाबांना उत्तर देते आहे. पण गाडी जितकी चमकणार, तितकं दर्यापूरचं गिऱ्हाईक खूश होणार. मी माझ्याच हाताने तिला पाठवणीला सजवत होते.

"आयकून राहिली का?" ती म्हणाली. "तुले नसन जमत तं नको येऊ. मी काई मरून नाई राहिली. गोळ्या मीच लावून घेईन."

मागच्या महिन्यात तिने सकाळच्या गोळ्या रात्री घेतल्या होत्या. मी फोन ठेवला आणि राहिलेलं अर्धं बॉनेट पूर्ण केलं. पण आता कोणासाठी, ते मला ठाऊक होतं.

रविवारी दीर गिऱ्हाईकाला घेऊन आले. दर्यापूरकडचे शेतकरी, पन्नाशीचे, बोलायला सरळ. गाडीभोवती एक फेरी मारली, टपावरून हात फिरवला.

"गाडी तं नवीच दिसून राहिली. कोन धुते?"

"मी."

"आमच्याकडं लय खारं पानी. धुतली का काचा पांढऱ्या फट्ट."

मी त्यांना सांगितलं की धुऊन वाळू द्यायची नाही, लगेच पुसायची, आणि शेवटची बादली पिण्याच्या पाण्याची ओतायची. ते मन लावून ऐकत होते. बॉनेटवरचा मेलेला भागही मी स्वतःच दाखवला. म्हणाले, "हे तं सांगतलं नसतं तं दिसलंच नसतं."

दीर घाईत होते. "वहिनी, चावी द्या, एक चक्कर मारून येऊ."

"चक्कर मी मारते. बसा."

दीर मागे, गिऱ्हाईक पुढे. वलगावच्या रस्त्याने गाडी काढली. सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग होती, ती एकेक करून मागे टाकली. मग गिऱ्हाईक म्हणाले, "आजी, एक इचारू? गाडी काहून इकून राहिल्या?"

"हे मागे बसलेल्यांना विचारा. मी विकत नाही."

"वहिनी!" मागून आवाज आला. "मी शब्द दिलाय त्यांना."

"भाऊजी, शब्द तुमचा आहे, तुमची गाडी द्या."

गिऱ्हाईकाला राग आला, आणि तो खरा होता. "मंग मले दर्यापूराहून काहून बोलावलं? सोयाबीन टाकून आलो मी." त्यांची मात्र मी माफी मागितली. आदल्या दिवशी फोन करून सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. मला ती चक्कर मारून दाखवायची होती. घरी येऊन त्यांना चहा आणि चिवडा दिला. दिरांनी चहा घेतला नाही. अजूनही ते फाटकातूनच बोलतात.

संध्याकाळी बाबांचा फोन. "आई, हा हट्ट आहे."

"हो."

"मागे फाटकाच्या खांबाला घासलीस तू गाडी. मला कळलंय."

"घासली. तेव्हापासून मागे घेताना एकदा उतरून बघते. डोळे दर वर्षी तपासेन, अंधारात चालवणार नाही आणि पोचले की फोन करेन. परवाना आहे, डॉक्टरांचा दाखला आहे. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी मी तुला सांगेन. तू मला नाही."

मग ते म्हणाले, "टायरमधली हवा तरी बघत जा." मी ती दर सोमवारी बघतेच, पण त्या दिवशी "बघेन" म्हटलं.

गुरुवारी अकोल्याला गेले. वाटेत मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, पोचेपर्यंत गाडी करडी झाली. बहिणीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना की मी तीन दिवस काही घासलं. काठी घेतली, माझा हात धरला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बोळातून पुलापर्यंत चालत आली. थांबत थांबत आलो. तिने दारावर बोट ओढून पाहिलं.

"हेच का तुयं घासनं?"

मग दार उघडून, काठी आत टाकून, पुढच्या सीटवर बसली.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"चाल कुठी बी," ती म्हणाली. "आधी हा पट्टा कुठी अडकवाचा ते सांग."