मास्टर पासवर्ड पाठ आहे

मंडळी, मागच्या आठवड्यात इथे एका पासवर्ड मॅनेजरचं कौतुक केलेलं. ते परत घेतो.

सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये, तिला एकच मास्टर पासवर्ड आणि फाइल आपल्याच क्लाउडवर. साधं काम.

आज परळच्या पुलावर फोन हातातून सुटला आणि बसखाली गेला. नव्या फोनवर ॲपने फाइल मागितली. फाइल क्लाउडवर. आणि क्लाउडचा पासवर्ड? त्याच फाइलमध्ये! रिकव्हरीला दिलेला नंबर कधीच बंद झालाय.

चाळीतल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “खोलीची दुसरी चावी माझ्याकडे ठेवतोस ना रे? मग हीच कशी नाय ठेवलीस?”

गेलेल्या आईचे व्हॉइस मेसेज त्या क्लाउडवरच आहेत. मास्टर पासवर्ड तिच्याच नावाचा आहे. पाठ आहे. पण सांगा, टाकू कुठे?