शेवगावजवळची तिसरी आणि हवेचा तास

पुण्यात बसून मी मोबाईलवरच्या शिकवणीसाठी विज्ञानाचे धडे लिहिते. पगार चांगला, समोर पोर एकही नाही. त्यामुळे शेवगावजवळच्या मिशनच्या प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला, "विज्ञानाच्या बाई सोडून गेल्यात, एक दिवस येऊन तिसरीला हवा शिकवाल का?" तेव्हा मी नवऱ्याला विचारायच्या आधीच पिशवी भरली. लग्नाआधी मी तिथंच शिकवायचे.

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, तेवढीच चैन. पाटीवर अहिल्यानगर, लोकांच्या तोंडी अजून नगरच. तिथं गाडी बदलायची. पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आलेली. रस्ता बरा आहे, पण मागच्या सीटवर बसाल तर हाडं खिळखिळी होतील.

गाडीत शेजारी बसलेल्या मावशींनी कुठं निघाले ते विचारलं. शाळेचं नाव ऐकून खुलल्या. "आमची नात तितंच हाय. आमी माळकरी, पन शाळा लई चांगली हाय."

प्रार्थना झाली आणि वर्ग माझ्या ताब्यात आला. ग्लासच्या तळाशी कोरडा कागद कोंबला, ग्लास पालथा करून बादलीत सरळ खाली दाबला, वर काढला. कागद कोरडाच.

"का भिजला नाही?"

"देवानं ठिवला, बाई," पहिल्या रांगेतली वैष्णवी म्हणाली.

या शाळेत हे उत्तर चूक म्हणायचं नसतं. मला ते कधी म्हणावंसंही वाटलं नाही. मी विचारलं, "बरं. कसा ठेवला?"

पोरं बादलीवर ओणवी झाली. वैष्णवीनं ग्लास स्वतः दाबून पाहिला, मग जरा तिरका केला. बुडबुडे आले. "आत वारं हुतं! त्ये भाईर गेलं, मगच पानी शिरलं."

मला भरून आलं. ते लपवायला मी घसा खाकरून गंभीरपणे म्हटलं, "हवा जागा व्यापते."

"आमेन," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

गंभीर आवाजातलं वाक्य संपलं की आमेन, एवढंच त्यांना ठाऊक. मी हसत खुर्चीत बसले. किती वर्षं मी धडे लिहितेय, पण कुणी असं पटल्याचं सांगितलं नव्हतं.

दुपारी मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "जूनपासून येता का? खोली हाय शाळेच्या आवारात."

मुलगी दहावीत, नवऱ्याची नोकरी पुण्यात. हो म्हणायला जीभ शिवशिवत होती.

"बघते," मी म्हटलं.

"बघा, पन सांगा लवकर," त्या म्हणाल्या आणि आणखी पिठलं वाढलं.

घरी आल्यावर बरेच दिवस मी रोज नवऱ्याशी बोलायचं ठरवायचे आणि भाजी काय करायची ते बोलून उठायचे. परवा मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शिकवायला पाथर्डीची एक मुलगी मिळाली, हौशी आहे म्हणे. "तुमची वाट पाह्यली, बाई."

"बरं झालं," मी म्हटलं. तिचं नाव विचारायला हवं होतं. ते मात्र तोंडातून निघालं नाही.