शोथहर लेप

डॉक्टरांनी मला विश्रांती सांगितली होती. घरात ते कुणी मनावरच घेतलं नाही. मग सासूबाईंनी तेरच्या आठवडी बाजारात लेपवाल्यासमोर नेलं. सूज म्हणणं त्याला हलकं वाटे. तो शोथ म्हणायचा. माझा सुजलेला गुडघा अंगठ्यानं दाबून त्यानं डोळे मिटले.

"शोथहर लेप हाय, आत्याबाई. सात दिवस सुनंचा पाय चुलीकडं न्हायतर शेताकडं गेला, की लेप बाटला!"

सासूबाई पदराची गाठ सोडू लागल्या. मी लेप हुंगला आणि कुजबुजले, "ही तर नदीची माती!"

"व्हय," तो हळूच म्हणाला, "पन नुसतं बसून ऱ्हावा म्हनलं, तर बसू देतील व्हय त्या?"

आठवडाभर भाकऱ्या सासूबाईंनी थापल्या. माझी सूज उतरली. पुढच्या बाजाराला त्या एकट्याच निघाल्या, लंगडत.