एकघर सर

सर प्यादं पुढे सरकवत ते एकच घर, आणि तेही असं की हललंय हे समोरच्याला दुसऱ्यांदा बघितल्यावर कळावं. पहिल्या दहा खेळ्यांत त्यांचं एकही सोंगटं पटाचा मध्य ओलांडत नसे. मुलं त्यांना 'एकघर सर' म्हणत.

मुसफ्फातल्या एका कारखान्यात ते वेल्डिंग तपासायचे. शुक्रवारी, तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे, अबुधाबीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये मराठी मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. प्याद्यांची रांगही जोड तपासावेत तशी तपासत. "हे ह्याला धरतंय? ते त्याला? खलास. आता येऊ दे कोण येतं ते."

मला हे मुळीच पटत नसे. मी कॉलेजची विजेती! स्पर्धेत आम्ही तिघीच होतो आणि त्यातली एक तापाने आलीच नव्हती, हे मी अबुधाबीत कुणाला सांगितलं नव्हतं. आठ वर्षांच्या माझ्या रियाला मी बजावलं होतं, वजीर लवकर काढायचा आणि घुसायचं. ती घुसायची. पंधराव्या खेळीपर्यंत वजीर मेलेला, आणि गाडीत घरी येईपर्यंत रडं. एकदा म्हणाली, "ममा, आय डोन्ट वॉन्ट टू प्ले एनीमोअर."

खापर अर्थातच मी सरांवर फोडलं. "सर, तुम्ही पोरीला भित्री करताय."

सर चष्मा पुसत राहिले. "वहिनी, ती हरते म्हणून रडत नाही. बसली नाही तोच उठावं लागतं, म्हणून रडते. आधी तिला बसू दे. भिंत पक्की असली की विचार करायला वेळ मिळतो. घाई मग समोरचा करतो."

"आणि नाही केली तर?"

"तर आपण चहा घ्यायचा."

पुढच्या स्पर्धेत मला हॉलबाहेर बसवलं, कारण मी दारातून हातवारे करत होते. एकेक मूल बाहेर आलं, रिया येईना. दोन तासांनी आली ती गाल लाल करून. "आय लॉस्ट. बट ममा, ही गॉट सो टायर्ड!" आणि माझ्याकडे न थांबता सरांकडे धावली. दोघांनी पट मांडला, भिंत कुठे फुटली ते शोधायला लागले. मी तोंड उघडलं.

"वेट, ममा," रिया म्हणाली.

मी सरांना म्हटलं, "मलाही शिकवा हे."

"तुम्हाला नाही जमायचं, वहिनी," सर अगदी गंभीरपणे म्हणाले. "त्यात गप्प बसावं लागतं."

नोकरी संपली, व्हिसा संपला, सर सांगलीला परतले. रिया खेळत राहिली, हरत राहिली, मग जिंकायलाही लागली. आता तिचीच मुलगी तिला इंग्रजीत उत्तरं देते.

गेल्या महिन्यात सर गेल्याचं कळलं. फोनवर सांगवेना, म्हणून रियाकडे गेले. ऐकून ती सोफ्यावर बसली, मी शेजारी. सांत्वनाची चार वाक्यं मी गाडीत तयार केली होती. त्यातलं एकही बोलले नाही. तिचं रडून होईपर्यंत तशीच बसून राहिले.

जमलं, सर.