अकरा महिन्यांचा साहेब

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या बहिणीचे. आई गेली तेव्हा ताई सातवीत होती. तिनं शाळा सोडली आणि वरवट बकालच्या शिवारात निंदणाला जायला लागली. माझी शाळा, बुलढाण्यातलं कॉलेज, खोली, मेस, सगळं तिच्या खुरप्यावर झालं. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. आता ती निंदणाऱ्या बायांची टोळी चालवते आणि मी बुलढाण्यात एका कचेरीत कॉम्प्युटरवर बसतो.

गावात मी एवढंच सांगितलं होतं, कचेरीत बसतो. नेमणूक एजन्सीमार्फत आहे, अकरा महिन्यांची, मग मध्ये थोडे दिवस घरी आणि पुन्हा अकरा महिने, हे सांगायचं राहून गेलं. कायम झाल्यावर सांगू असं पहिल्या वर्षी वाटलं. आता सहावं वर्ष चालू आहे. शेजारच्या टेबलावरचे बाबू कायम आहेत. फायली त्याच, काम तेच. त्यांचा मुलगा क्लाससाठी पुण्यात राहतो. माणूस चांगला आहे, डब्यातली भाजी रोज मला देतो. तरी ती खाताना काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही.

या जुलैत एका रविवारी गावी गेलो. ताई घरी नव्हती म्हणून थेट शेतात गेलो. बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जेवायला बसल्या होत्या.

"सायब, तुमची खुर्ची फिरते का हो?" एका म्हातारीनं विचारलं.

"फिरते."

"मंग गरगरत नाही का?"

"त्याले कायची गरगर?" दुसरी म्हणाली. "गरगरते त्याले, जो कचेरीच्या चकरा मारते."

सगळ्या हसल्या. माझी खुर्ची प्लास्टिकची आहे, ती फिरत नाही. मीही हसलो.

ताईची मुलगी यंदा बारावी झाली. निकालानंतर तीही आईसोबत निंदणाला येत होती. शाळेतल्या मॅडमनी तिला नर्सिंगचा फॉर्म आणून दिला होता आणि ताईनं तो भरू दिला नव्हता.

"सुया टोचाले कायले शिकवू?" ताई मला म्हणाली. "मामासारखी बी.ए. करन, खुर्चीवर बसन."

"मामा, तू सांग ना," भाची म्हणाली. "आई तुह्यंच ऐकते."

"हो, तो म्हनन तसंच," ताई म्हणाली. "फॉर्म महिनाअखेरपर्यंत भरता येते म्हन्तात."

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

"सायबायची सही उशिराच होत असते," म्हातारी म्हणाली आणि खुरपं घेऊन उठली.

परतताना गाडीत काहीच सुचेना. बी.ए. कर म्हणालो तर मुलगी माझ्याच वाटेनं येणार. करू नको म्हणालो तर ताईनं इतकी वर्षं कशासाठी निंदलं? आणि नर्सिंग केलं की पक्की नोकरी मिळतेच असं तरी कुठे आहे? कंत्राटी नर्सांच्या याद्या मीच टाइप केल्या आहेत. ताईच्या घरी फ्रीज आहे, माझ्या खोलीत नाही. पण बँकेत गेलो की साहेब मला बसा म्हणतात, ताई भिंतीशी उभी असते. आमच्यापैकी वर कोण गेलं, मला अजून कळलेलं नाही.

फोनवर हे बोलता येत नव्हतं. ताई फोन नेहमी स्पीकरवर ठेवते, कारण सगळ्या टोळीला माझा आवाज ऐकायचा असतो. म्हणून पत्र लिहिलं. कचेरीच्या भाषेत लिहायला घेतलं होतं, ते फाडलं. दुसरं लिहिलं ते असं:

प्रिय ताईस, सप्रेम जयभीम.

हे पत्र एकटीच वाच. माही नोकरी पक्की नाही. अकरा महिन्याची असते, मंग पुन्हा घेतात, कधी घेतील का नाही ते मलेही माहीत नसते. सहा वर्ष तुले सांगतलं नाही. तू गावात सायब म्हनत होती आन मले ते गोड लागत होतं.

पोरीनं माह्यासारखं शिकावं असं तुले वाटते. मी काय झालो ते पाहून ठरवू नको. शिकलो ते वाया गेलं असंही मी म्हनत नाही. तू शिकवलं नसतं तं हे लिहाची हिंमत झाली नसती. पन माह्या शिक्षनाचं पुढे काय होईन, ते मले समजत नाही. नर्सिंगचंही खात्रीनं सांगता येत नाही. म्हनून मी तुले हे कर, ते कर म्हनू शकत नाही.

तिले विचार, तिले काय व्हाचं हाय. पोरगी सांगन ते करू. फॉर्म तिच्या हाती दे. मी शनिवारी पयल्या गाडीनं येतो. राग आला असन तं टोळीसमोर बोल, मी ऐकून घेईन.

तुहा लहान भाऊ