लांबच्या माणसाला सांगायचं नसतं

आमच्या घरात फोनवर वाईट सांगत नाहीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन बाहेर असतात. जत तालुक्यातलं आमचं गाव सुटलं की कधी कराडकडे, कधी शिरवळच्या पुढे, जिथं कुणी शेतकरी खतासाठी रानात कळप बसवून घेईल तिथं. एवढ्या लांबच्या माणसाला घरचं दुखणं सांगून काय उपयोग? मेंढरं सोडून तो येऊ शकत नाही, आणि जीव मात्र टांगणीला लागतो. म्हणून फोन आला की आई म्हणते, "समदं बरं हाय." अंगात ताप असला तरी, टँकर आला नसला तरी. मीही तेच म्हणत मोठी झाले.

साताऱ्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला माझं बिनसलं. वर्गात बसल्या बसल्या हात गार पडायचे, श्वास वरच्या वर राहायचा. झोप नव्हती. सकाळी उठून केस विंचरणंसुद्धा जड वाटायचं, एखादं ओझं दुसऱ्याचं असावं आणि आपल्या डोक्यावर राहिलं असावं तसं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात असंच होत असेल, असं मला बरेच दिवस वाटलं. शेवटी तिथल्याच एका प्राध्यापक बाईंनी मला सांगलीच्या एका समुपदेशक मॅडमशी जोडून दिलं. त्या खूप वर्षं हे काम करत होत्या. दर आठवड्याला एकदा, मोबाइलवर, चेहरा दिसेल असं बोलायचं.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी. म्हणून मी गच्चीवर जायचे, पाण्याच्या टाकीमागे, जिथं रेंज बरी येते. कराडची मैत्रीण म्हणायची, "टाकीमागं कोण बसवलंयस गं? आमाला पण दाखव की." मी हसायचे. ते हसणंही दमवायचं.

मॅडम सुरुवातीला विचारायच्या, "आठवडा कसा गेला?"

"बरा गेला, मॅडम."

"झोप?"

"लागते."

मग त्या पाय जमिनीवर टेकवायला सांगायच्या, श्वास हळू सोडायला सांगायच्या. मी मनापासून करायचे. पुढच्या आठवड्यात त्या विचारायच्या आणि मी पुन्हा म्हणायचे, बरं आहे. मला त्यांना फसवायचं नव्हतं. मोबाइल कानाशी किंवा समोर आला की तोंडातून तेच निघायचं. बोलणं संपलं की मी तिथंच टाकीला टेकून बसून राहायचे, खाली जायचं बळ येईपर्यंत. प्रॅक्टिकलला जाणं मी तोवर बंद केलं होतं. प्रयोगशाळेत नळ सतत चालू असायचा.

एकदा बोलण्याच्या शेवटी त्या म्हणाल्या, "तुझं चांगलं चाललंय असं दिसतंय. आता महिन्यातून एकदा बोलू, आणि मग थांबू. चालेल?"

मी "चालेल" म्हणाले. म्हणताना मला स्पष्ट कळलं, की या थांबल्या तर मी पेटी भरून गावी जाणार. आणि गावी गेले की पुन्हा परत येणं होणार नाही, कारण घरात दोन स्थळं आलेलीच होती.

मॅडमनी फोन ठेवला नाही. त्या चष्मा पुसत राहिल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "वडिलांशी बोलणं होतं का गं?"

"होतं. ते मेंढरं घेऊन बाहेर असतात."

"त्यांना काय सांगतेस?"

"बरं आहे म्हणून."

"नेहमी?"

"लांबच्या माणसाला वाईट सांगत नाहीत, मॅडम. आमच्यात तसं असतं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मी पण लांबच आहे की. सांगलीत."

तेवढ्यात टाकी भरली आणि वरून पाणी सांडायला लागलं. ते रोजच व्हायचं. दर वेळी मी आवाज बंद करायचे आणि रेंज गेली असं सांगायचे. त्या दिवशी बटण दाबायला हात उचललाच नाही. मी म्हणाले, "मॅडम, बरं नाही."

मग सांगितलं. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो आणि विहिरीत पाणी ओततो, आणि सगळं गाव काठावर बादल्या टाकतं. त्या गर्दीत माझा धाकटा भाऊ आत पडला. मी तेव्हा सातवीत, काठावरच होते, बादली हातात घेऊन. टँकरच्या पाइपाचा आवाज एवढा, की कुणी ओरडलेलं ऐकू आलं नाही. वर काढला तेव्हा तो गेला होता. संध्याकाळी आप्पांचा फोन आला. आई बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. चुलतीनं फोन माझ्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, नेहमीसारखं बोल. मी म्हणाले, समदं बरं हाय. आप्पांनी विचारलं, धाकटा कुठं हाय? मी म्हणाले, खेळतोय. रात्रभर प्रवास करताना त्यांना धक्का नको, म्हणून मग कुणीतरी फक्त एवढंच कळवलं, पोरगं आजारी हाय, या.

मॅडम ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीच्या हातात द्यायचा फोन नव्हता तो." आणि म्हणाल्या, "आपण थांबत नाही आहोत. पुढच्या आठवड्यात याच वेळेला."

मला हलकं वगैरे वाटलं नाही. खाली जाऊन झोपले ती मेसची वेळ टळल्यावरच उठले. त्यानंतरचे आठवडे आधीपेक्षा कठीण गेले. मॅडमनी हळूहळू नळाजवळ उभं राहायला लावलं, आधी बंद, मग बारीक धार. प्रॅक्टिकलला मी परत गेले, दाराजवळची जागा धरून. अजूनही कधी कधी मधेच बाहेर येते. आठवडा कसा गेला, या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला अजून थोडा वेळ लागतो, आणि त्या थांबतात.

परवा आप्पांचा फोन आला. मागे कुत्री भुंकत होती.

"बरं हाय न्हवं, बाळ?"

"लय बरं न्हाई, आप्पा."

आप्पांनी कुत्र्यांना हटकलं. भुंकणं थांबलं.

"कवापासनं?"

"लय दिस झालं."

"येऊ का?"

"नगं. मेंढरं कुणावर टाकणार तुमी?"

"त्ये बघतो मी." फोन त्यांनी ठेवला नाही, मीही नाही. काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. असं बोलणं आमच्यात कधी झालेलंच नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

हो म्हणणं सोपं होतं.

"न्हाई," मी म्हणाले.